गुजरीतला केर

फॉर्ममधला अकरावा प्रश्न होता, ‘रोज किती कचरा निघतो?’ पुढं चौकट, चौकटीत किलो. शिलाईवाला असो, छापखाना असो, चपलांचा कारखाना असो, माणसं जरा डोकं खाजवायची आणि एक, दोन, पाच असं काहीतरी सांगून मोकळी व्हायची. मी लिहून घ्यायची. सराफांच्या गुजरीजवळच्या त्या सोन्याच्या कारखान्यात मी हाच प्रश्न विचारला, तेव्हा मालक हातातली कानस न थांबवता म्हणाले, "आमच्यात कचरा निघतच न्हाय."

मला वाटलं चेष्टा करतात. कोल्हापुरात चेष्टा आणि खरं दोन्ही एकाच आवाजात बोलतात, एवढं मला तोवर कळलं होतं. पण ते हसले नाहीत. मी खोलीभर बघितलं. दुसऱ्या मजल्यावरची दहा बाय बाराची खोली, चार कारागीर जमिनीवर बैठ्या मेजांपुढं बसलेले. कोपऱ्यात पत्र्याचे पाच-सहा डबे काळ्या मातीनं भरलेले, एकालाही झाकण नाही. भिंतीशी फाटकी गोणपाटं. खिळ्याला चिंध्यांचं गाठोडं. खाली अंथरलेली सतरंजी इतकी कळकट, की तिचा मूळचा रंग तिच्या विणकऱ्यालाही सांगता आला नसता. दाराशी एक टब, त्यात शाईसारखं काळं पाणी. आणि हा माणूस मला सांगतो, कचरा निघत नाही!

मी मोबाइलवर ‘अस्वच्छ’ या शब्दावर बोट ठेवलं. खाली शेरा लिहिला, ‘कचरा आतच साठवतात.’ बरोबर काम केल्याचं समाधान वाटलं. मला ते फार लागायचं.

कारण मी तिथं असण्याच्या लायकीची नव्हते, असं मला रोज वाटायचं. मी वाशिमकडची. नववीत असताना आई आजारी पडली, तिच्या जागी मजुरीला गेले आणि शाळा सुटली ती सुटलीच. नवऱ्याला इकडं फौंड्रीत काम लागलं म्हणून कोल्हापुरात आलो, कळंब्याला एक खोली घेतली. माहेर म्हणजे एक रात्र आणि वर अर्धा दिवस प्रवास. लहान कारखान्यांची तपासणी करून नोंद करायचं काम निघालं, त्याच्या जाहिरातीत ‘बारावी पास’ असं होतं. मी तरी गेले. तपासणीच्या मॅडमनी माझ्याकडून एक पान लिहून घेतलं. गावच्या विहारातल्या फळ्यावर सूचना लिहून लिहून माझं अक्षर बरं झालेलं. त्यांनी शिक्षण विचारलं. मी खरं सांगितलं. त्या त्या पानाकडं बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "जिने चढता येतात ना? आणि कुत्र्यांना घाबरत नाहीस ना?"

मी दोन्हींना हो म्हटलं. कुत्र्यांचं खोटं होतं.

तेव्हापासून मी मॅडमचं नाव मनात घेतल्याशिवाय घराबाहेर पडले नाही. आणि रोज वाटायचं, आज कुणीतरी दाखला मागणार.

त्या गल्लीत पहिले दोन दिवस मला कुणी दारात उभं केलं नव्हतं. "कुठल्या हापिसच्या? आधी सायबांना पाठवा," असं म्हणून दार लोटायचे. मी रस्त्यावर उभी राहून मोबाइलकडं बघत बसायची, म्हणजे काहीतरी काम चाललंय असं दिसावं. तेव्हा वरच्या खिडकीतून हाक आली.

"आवं पावणं, उनात काय उभारलायसा? वर या की!"

ते तात्या. त्या कारखान्यातले सगळ्यांत जुने कारागीर. मालकांच्या वडिलांच्या हाताखाली शिकलेले, त्यामुळं मालकांनाही मधूनमधून दटावायचे. त्यांनी वर बोलावलं म्हणून तर मी तो पहिला फॉर्म भरला आणि त्यात ‘अस्वच्छ’ लिहिलं. त्यांना त्यातलं काही माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी तात्या स्वतः माझ्याबरोबर शेजारच्या दारांवर आले. "ह्या आपल्या ताई हाईत. इचारतील ते सांगा. पोलीस न्हाईत, भिऊ नगा." दारं उघडायला लागली. पुढं दहा-बारा दिवस मी त्यांच्या खिडकीत बसून गल्लीचे फॉर्म भरले. मोबाइल त्यांच्या विजेवर, अकराचा चहा त्यांचा, दुपारी डबा उघडला की तात्या आपल्यातली भाकरी मोडून माझ्या झाकणावर ठेवायचे. मी नको म्हटलं तर म्हणायचे, "तुमच्याकडं न्हाय म्हनायला शिकवत्यात व्हय शाळंत?" मी हसायची. शाळेचा विषय निघाला की मला घाम फुटायचा, हे त्यांना कुठून ठाऊक.

मग यादी आली. मॅडमनी ऑफिसात ती माझ्यापुढं सरकवली. गल्लीतला एकच कारखाना नापास. तोच.

"नापास म्हणजे?" मी विचारलं.

"नोंद होणार नाही. नोंद नाही तर आगीचा दाखला नाही. गॅसवर काम करणाऱ्याला दाखल्याशिवाय तिथं बसता येणार नाही, जागा बदलावी लागेल. सोमवारी बाराला मी फेरतपासणीला येते."

ज्या माणसांनी मला बसायला जागा दिली, त्यांची जागा माझ्या एका बोटानं जायला निघाली होती. केलेली नोंद मला बदलता येत नव्हती. मी कारखान्यात जाऊन सांगितलं, मॅडम येणार आहेत, जरा साफसफाई करून ठेवा. मालक म्हणाले, "बघू." तात्या म्हणाले, "येऊ द्या की मॅडमना. च्या पाजू." ही माणसं इतकी निवांत कशी, याचा मला धक्काच बसला. शनिवार-रविवार मला झोप नाही. सोमवारी सकाळी नऊला पोचले. तात्या नुकतंच कुलूप काढत होते, बाकीचे तिघं दुपारनंतर येणार होते. मी आत बघितलं. डबे तसेच, टब तसाच, सतरंजी तशीच.

"तुम्ही बसा की आत," तात्या म्हणाले. "मी देवीला जाऊन आलो."

सोन्याच्या कारखान्यात मला एकटीला सोडून हा माणूस अंबाबाईला निघाला! सोनं तिजोरीत असतं, ते मला माहीत होतं. पण तरी. कुणी माझ्यावर एवढा भरवसा टाकला की मला रडू यायचं बाकी राहतं. मी मनात म्हटलं, आता परतफेड करायची वेळ आहे, आणि तात्या येईपर्यंत हातात तासभर आहे.

खोलीत झाडू नव्हता. मऊ केसांचा एक ब्रश तेवढा होता. एवढ्या घाणीत झाडूही ठेवू नये, याचं मला नवल वाटलं. मी खालच्या चपलांच्या दुकानातून झाडू मागून आणला.

एक गोष्ट इथं सांगायला हवी. माझ्या आजीनं गावची झाडलोट केली होती, ती तिला करावी लागली होती. आईनं आम्हा बहिणींना एकच बजावलं होतं : दुसऱ्याच्या घरात झाडू हातात घ्यायचा नाही, उपाशी राहा पण घेऊ नका. मी आजवर तो शब्द पाळला होता. कोल्हापुरात धुण्या-भांड्यांची कामं चालून आली, मी नाही म्हटलं. त्या दिवशी घेतला. कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून मला तो जड वाटला नाही. उलट माझ्या मर्जीनं घेतलाय म्हणून बरं वाटलं.

मी सतरंजी गुंडाळली. कोपरान् कोपरा झाडला. डब्यांतली माती, चिंध्या, गोणपाटं, सगळं चार पोत्यांत भरलं. खाली घंटागाडीचं गाणं ऐकू आलं तशी एकेक पोतं खांद्यावर घेऊन पळत खाली नेलं. पोती इतकी जड, की गाडीवरचा माणूस म्हणाला, "बाई, घर पाडलं काय?" वर येऊन टबातलं काळं पाणी मोरीत ओतलं. तळाशी चिकटलेला गाळ काथ्यानं घासून घासून काढला, तोही ओतला. मग फिनेल टाकून फरशी दोनदा पुसली. फरशी लाल होती! इतके दिवस मी ती काळी समजत होते.

तात्या आले ते कपाळाला कुंकू, हातात प्रसादाचा पुडा. दारात थांबले. आत पाऊल टाकलं नाही. मी दाराआड उभी, हसू लपवत.

"सतरंजी?" ते म्हणाले.

"घंटागाडीत दिली."

"डबं?"

"धुवून पालथे घातलेत."

त्यांनी खाली टबाकडं बघितलं. "ह्यात पानी हुतं."

"किती घाण झालं होतं ते! ओतलं मोरीत."

तात्या जिन्याच्या पायरीवर बसले. प्रसादाचा पुडा मांडीवर. मला वाटलं, गहिवरले. मी म्हणाले, "असू द्या तात्या. तुम्ही माझ्यासाठी किती केलंत."

हे वाक्य मी बोलले. ते आठवलं की अजून मला अंग चोरून घ्यावंसं वाटतं.

जिन्यावर मालकांचा पाय वाजला. तात्या न उठता म्हणाले, "ताईंनी झाडून काढलंय."

मालकांनी तात्यांच्या डोक्यावरून आत बघितलं. त्यांनी विचारलं, "गाडी कुठल्या अंगाला गेली?" मी हात केला. ते आले तसे खाली धावले.

"ताई," तात्या म्हणाले, अगदी हळू, मोठ्यानं बोलणारा माणूस हळू बोलला की जसं भय वाटतं तसं, "त्यो कचरा न्हवता. सोनं हुतं."

मला काही कळेना. त्यांनी सांगितलं. दुकानदार सोनं वजन करून देतो आणि दागिना वजन करून घेतो. घासताना, कानस मारताना बारीक कण उडतात. सतरंजीत बसतात, कपड्यांत बसतात, हातापायांना चिकटतात. म्हणून उठताना प्रत्येकानं टबात हातपाय धुवायचे; मी ते रोज बघत होते, पाण्याची काटकसर समजून. म्हणून तिथली चिंधीही फेकायची नाही. दसऱ्याआधी सगळं जाळायचं, धुवायचं, त्यातून निघालेलं सोनं दुकानात भरायचं. थोडी घट धरलेली असते, तिच्यावर गेलं तर काय?

"मालकानं खाल्लं म्हनत्यात," तात्या म्हणाले. "आन् गुजरीत एकदा का असं म्हनलं, की त्या माणसाला परत कोन गुंजभर बी सोनं हातात देत न्हाय. ह्याच्या बापाचं नाव हाय गल्लीत. चोर म्हनून कुनी कधी बोट केलं न्हाय."

नापासाच्या शेऱ्यानं नुसती जागा जाणार होती. माझ्या झाडूनं त्या माणसाचं नाव जाणार होतं.

खालून हाक आली. "ताई! चला! पोती तुम्हीच वळखणार!"

मालकांच्या स्कूटरवर मागं बसून मी ती गाडी शोधली. दोन पेठा ओलांडून ती सापडली. मालकांनी स्कूटर आडवी घातली. चालक खिडकीतून डोकं काढून ओरडला, "गाडी घालतासा का अंगावर?"

"कचरा परत पायजे," मालक म्हणाले.

"काय पायजे?"

"सकाळचा कचरा. चार पोती."

चालक आपल्या जोडीदाराकडं वळला. "ऐकलास का रं? कचरा न्हाय उचलला तर भांडत्यात, आन् उचलला तर परत मागाय येत्यात."

मालक पांढऱ्या पायजम्यासकट गाडीत चढले. मागून मी. सतरंजी आणि तीन पोती धड होती. चौथं फाटून त्यातली माती ओल्या कचऱ्यात मिसळलेली. मालकांनी हातानं उपसायला सुरुवात केली. माती, तिला लागलेला कुणाच्या घरचा शिळा भात, कांद्याची सालं, अंड्याची टरफलं, सगळं एका ताडपत्रीत. मीही उपसत होते. तोवर चालकाला सगळं उमगलं होतं. तो गाडीत वाकून हळूच म्हणाला, "सोनाराच्या घरचं म्हनल्यावर भाताला बी वजन आलं की." मालक त्या स्थितीतही फिसकन हसले, आणि मला जास्तच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

परत आलो तर तात्या दारात परात घेऊन बसलेले. "चप्पल काढा, ताई."

मी काढली. त्यांनी ती कागदात बांधून ठेवली. चपलांच्या दुकानातला झाडूही त्यांनी जप्त केला होता, बदल्यात दुकानदाराला नवा दिला होता. मला केस सोडून कागदावर विंचरायला सांगितलं. पदर झटकायला लावला. मग म्हणाले, "पाय परातीत."

ते तांब्यानं पाणी ओतत होते, मी चोळत होते. त्यांना पटेना. त्यांनी तो मऊ ब्रश घेतला आणि माझी टाच हातात धरली. मी पाय मागं ओढला. माझ्या बापाच्या वयाचा माणूस, देवीचं कुंकू कपाळाला, आणि हातात माझा पाय!

"द्या इकडं," तात्या खेकसले. "लाज मागनं."

लग्नातल्या दोन मण्यांशिवाय माझ्या अंगाला सोनं लागलं नव्हतं. आता एक माणूस माझ्या टाचांच्या भेगांमधून ते धुवून काढत होता. मला हुंदका आला.

"रडायचं आसंल तर परातीवर रडा," ते म्हणाले. "डोळं बी चोळलं असतील तुम्ही."

राहिलं टबातलं पाणी. सगळ्यांत जास्त कण त्याच गाळात होते. मोरीचा पाइप उघडला, वळणात थोडा गाळ सापडला. बाकीचा खाली गल्लीच्या गटारीत उतरला होता. मी म्हटलं, "मग गटारीतून काढूया ना! मी उतरते."

तात्या म्हणाले, "गटार मावशीची हाय."

मावशी झारेकरीण. सोनारांच्या गल्लीतला गाळ उपसायचा, घमेल्यात पाणी घालून हलवत हलवत धुवायचा आणि तळाला राहिलेले सोन्याचे कण वेचायचे, हा त्यांच्या घराचा पिढीजात धंदा. मी त्यांना रोज बघत होते आणि गटार साफ करणारी बाई समजत होते. गल्लीचा रिवाज असा, की उंबऱ्याच्या आतलं ते कारखान्याचं, गटारीत पडलं ते मावशीचं. कागद नाही, सही नाही. तात्यांच्या आजोबांपासून कुणी मोडलेला नाही.

मालक जिना उतरले. मी मागोमाग. मला वाटलं, आता हे मागतील. परिस्थिती सांगतील, हात जोडतील. मावशी कोपऱ्यावर घमेलं घेऊन बसल्या होत्या. मालक त्यांच्यापुढं उकिडवे बसले.

"मावशी, आज वरनं टब ओतलाय. पाणी धरा, न्हायतर वाहून जाईल."

मावशींनी वर बघितलं. "कवाचा टब?"

"पाडव्यापासनचा."

मावशींचा हात घमेल्यात होता तिथंच थांबला. "आवं मालक... मग ह्यो..."

"तुमचंच की," मालक म्हणाले आणि उठले.

मी तिथंच उभी राहिले. हा माणूस मागायला नाही, सांगायला खाली आला होता! मावशी अशा उठल्या की जणू घराला आग लागलीय. गोणपाटाचे बोळे, चिखल, विटा, मिळेल ते घालून त्यांनी गटारीचं तोंड बुजवलं. मी गोणपाट पुढं करत म्हणाले, "मावशी, माझ्या चुकीनं झालं हो."

"चूक तुमची, नशीब माझं," त्या गुडघाभर गाळातून म्हणाल्या. "तुमच्यासारख्या अजून दोघी-चौघी धाडा की गल्लीत!" आणि मग, "त्या मोबाइलात माझा धंदा बी लिवा. सगळ्यांचं लिवलंसा."

"जागा किती, असं विचारतात त्यात."

"गटारीएवढी लिवा. लांबीला कमी न्हाय."

या सगळ्यात बारा वाजले. मॅडम आल्या. त्यांना दिसलं ते असं : त्यांची तपासनीस अनवाणी, केस मोकळे, हातात चिखलाचं गोणपाट. कारखान्याचा मालक पायजम्यावर भाताची शितं घेऊन उभा. एक बाई गटारीला बांध घालतेय.

"हे काय चाललंय?"

मी सगळं सांगून टाकलं. लपवायचं सुचलंच नाही. "मॅडम, वर स्वच्छ दिसतंय ते मी केलंय. यांनी नाही. यांना पहिल्यासारखंच राहावं लागतं. त्यावरून यांना पास करू नका, आणि नापासही करू नका." शेवटचं वाक्य मूर्खासारखं होतं, पण तेच खरं होतं. माझं काम गेलं, हे मी धरून चालले होते.

मॅडम वर गेल्या. त्या लखलखीत लाल फरशीवर उभं राहून त्यांनी मालकांना अर्धा तास प्रश्न विचारले. त्यांनाही हे माहीत नव्हतं, आणि माहीत नाही हे त्यांनी कबूल केलं. मग त्यांनी माझा मोबाइल मागितला, अकराव्या प्रश्नाच्या खाली बोट सरकवलं आणि स्क्रीन माझ्यापुढं धरली. बारीक अक्षरात लिहिलं होतं, की झाकलेल्या भांड्यात साठवलेला पुन्हा वापरायचा माल कचरा धरू नये.

"डब्यांना झाकणं का नाहीत?" त्यांनी मालकांना विचारलं.

"कुणी सांगितलंच न्हाय."

"झाकणं?" तात्या म्हणाले. "एवढंच व्हय?"

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. ती ओळ मी एवढ्या फॉर्मांत एकदाही वाचली नव्हती. मोठी अक्षरं वाचायचे, बारीक सोडून द्यायचे. शाळेत अवघड धडा आला की तसंच करायचे.

तात्यांनी तासाभरात बाजारातून झाकणं आणली. त्याच दुपारी त्या कारखान्याची नोंद झाली. उतरताना मॅडम जिन्यावर थांबल्या. मी म्हणाले, "मॅडम, उद्यापासून येऊ नको ना?" त्या म्हणाल्या, "उद्या भांड्यांच्या गल्लीत जायचंय. बारीक अक्षरं वाचत जा. आणि झाडू लांब ठेव." मी त्यांच्या पाया पडायला वाकले, तर म्हणाल्या, "आधी चप्पल मिळते का बघ."

मिळाली नाही. ती जाळायच्या ढिगात गेली होती.

पुढचे दिवस मी काम संपवून रोज त्या जिन्यावर जाऊन बसायची. आत जायचा धीर नव्हता. तात्या ओरडायचे, "आत या की! पन हात मांडीवर ठेवा." पोती जाळली, राख धुतली, भात-कांद्याची राखही धुतली. शेवटी मुशीत वितळवून जे निघालं ते मालकांनी काट्यावर ठेवलं. उतरवलं, पुन्हा ठेवलं. मग मान हलवली. कमी पडत होतं. किती, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी दुकानात भरणा होता.

मी गळ्यातले दोन मणी काढले आणि मेजावर ठेवले. माझ्याकडं तेवढंच होतं.

मालकांनी पहिल्यांदाच आवाज चढवला. "उचला ते! तुम्ही तपासनीस हाईसा. कारखान्यानं तपासनिसाकडनं सोनं घ्यायचं व्हय?"

मला कुणी तपासनीस म्हटलं ते त्या दिवशी पहिल्यांदा. मी मणी उचलले.

मग त्यांनी उजव्या हाताच्या बोटातली अंगठी फिरवायला सुरुवात केली. निघेना. बोट सुजलं, लाल झालं. तात्यांनी साबण आणला, मालकांनी तो लावला आणि दात आवळून ओढायला लागले.

"परात धरा खाली, ताई," तात्या म्हणाले. "साबणाच्या पाण्यात बी उतरतं."

मी दोन्ही हातांनी परात धरली. अंगठी सुटली. मालकांनी ती एकदा पुसली, मुशीत टाकली आणि वर आच लावली. आम्ही तिघं बघत होतो. अंगठीची कड आधी मऊ झाली, मग ती मधेच बसली, आणि मग अंगठी असं काही राहिलं नाही.

"लग्नातली हाय," मालक म्हणाले. "घरात काय सांगू?"

"सांगा, नोंदणीला लागली," तात्या म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते दुकानात गेले. मी आणि तात्या जिन्यावर बसून राहिलो. तात्या दोनदा उठले, दोनदा बसले, एकदा विनाकारण मला म्हणाले, "वाशिमला पाऊस कसा असतोय?" मी काय उत्तर दिलं, आठवत नाही. मालक परतले तेव्हा त्यांच्या तोंडावरून काही कळेना. आत गेले, मेजापुढं मांडी घातली.

"भरलं," म्हणाले.

तात्यांनी खिडकीतून चहाला हाक मारली. मी उंबऱ्यावरच उभी. इतके दिवस मनात राहिलेलं मी विचारलं, "तुम्ही मावशींकडं का नाही हो मागितलं? त्यांनी दिलं असतं."

"दिलं असतं की," मालक म्हणाले. "म्हणून तर न्हाय मागितलं." आणि त्यांनी पुढचा दागिना हातात घेऊन कानस लावली.